आकडा वाढू देण्याचे धैर्य



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी हयातभर बालवाडी चालवली. पोर शिकायला बसण्याआधी त्याचे पोट भरलेले असले पाहिजे, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. म्हणूनच संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी कुपोषण हाच सांगितला. मात्र आहाराबद्दल नव्हे, राजकारणाबद्दल बोलेन, असे त्यांना आधीच कळवून ठेवले होते.

कुपोषणावरची आपली बहुतेक भाषणे आईला उपदेश करून संपतात. नाचणी द्या, शेवग्याचा पाला द्या, हात धुवा. यातले काही चुकीचे नाही. पण पोटात असल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या हजार दिवसांत काय करायला हवे, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. मुलीचे लग्न लवकर होऊ नये, गर्भारपणात तिचे वजन वाढावे, रक्त कमी असेल तर गोळ्या वेळेवर मिळाव्यात, बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्यावे, सहा महिन्यांनंतर डाळ, तेल, अंडे पोटात जावे, जुलाब लागले तर क्षारसंजीवनी आणि झिंक घरात असावे. हे सगळे कुणी करायचे, कोणत्या पैशातून करायचे आणि झाले नाही तर जाब कुणाला विचारायचा, हा प्रश्न मात्र तसाच पडून आहे. तो स्वयंपाकघरातला प्रश्न नाही, विधिमंडळातला आहे.

आधी काही आकडे समोर ठेवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचे, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. दहा वर्षांत ते ३४.४ टक्क्यांवर आले. त्यानंतरच्या, म्हणजे २०१९-२१ च्या पाहणीत ते ३५.२ टक्के भरले. लुकड्या मुलांचे, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्यांचे प्रमाण याच काळात १६.५ वरून २५.६ टक्क्यांवर गेले आणि तिथेच थांबले. त्यातल्या तीव्र लुकड्या मुलांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून १०.९ टक्क्यांवर पोचले. शेवटच्या पाहणीचे महाराष्ट्रातले काम २०१९ सालीच उरकले होते, त्यामुळे याचे खापर कोरोनावर फोडता येत नाही. आणि दर तीन मुलांमागे एक खुजे असेल, तर ही केवळ मेळघाट किंवा मोखाडा या आदिवासी भागांची गोष्ट राहत नाही. ही मुले मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांत आहेत, मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आहेत, आणि या सभागृहातल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या घरातही असू शकतात.

पहिले दशकभर खुजेपणात आपण वेगाने उतरत होतो. मग अडलो. उतरलो कशामुळे आणि अडलो कशामुळे, हे नीट पाहिले तर राजकीय इच्छाशक्ती म्हणजे काय, याचे उत्तर सापडते असे मला वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे, की या बाबतीत इच्छाशक्तीची पहिली परीक्षा निधीवर होत नाही, घोषणेवर तर नाहीच नाही. आपल्याच कारकिर्दीत कुपोषणाचा नोंदलेला आकडा वाढू द्यायची सरकारची तयारी आहे का, यावर ती होते.

हे समजण्यासाठी आकडा जिथे जन्म घेतो तिथे जाऊ. अंगणवाडीत वजन-उंचीचा दिवस असतो. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी त्याला फळीवर आडवे करून मोजतात. एकीने डोके वरच्या पाटीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे हलकेच दाबून तळवे सरकत्या पट्टीला लावायचे. पोर किंचाळते, अंग आखडते, एक पाय वर घेते. बाजूला उभी असलेली आई कासावीस होते. मदतनीस खिचडीच्या पातेल्याकडे धावलेली असते. अशा वेळी अंगणवाडीची ताई एका हाताने पोर धरते, दुसऱ्या हाताने पट्टी सरकवते आणि दिसला तो आकडा लिहून घेते. एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाला की मूल एका रकान्यातून दुसऱ्यात जाते. पाड्यावरच्या मुलाची जन्मतारीख पुष्कळदा होळीच्या आधी किंवा पोळ्यानंतर अशीच सांगितली जाते. तिथेही एका महिन्याचा फरक पडला की वर्गवारी बदलते.

यात एक बारकावा आहे. मूल लुकडे आहे की नाही हे उंचीच्या मानाने वजन पाहून ठरते. त्यामुळे लांबी थोडी कमी लिहिली की तेच वजन त्या लांबीला पुरेसे दिसू लागते आणि मूल तीव्र कुपोषणाच्या लाल रकान्यातून बाहेर पडते. कागदावर ते आणखी खुजे होते खरे, पण खुजेपणाची चौकशी करायला महिन्याच्या बैठकीत कुणी येत नाही. चौकशी होते ती तीव्र कुपोषितांची. दंडाच्या घेराची रंगीत पट्टीही तशीच आहे. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल. एका रेषेने पुढे ढकलली की पिवळा.

ताईला असे करण्याचा मोह का व्हावा? मूल लाल निघाले की पर्यवेक्षिका विचारते, प्रकल्प अधिकारी विचारतात, जिल्हा परिषदेतून फोन येतो. मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचे तर आईला सुमारे पंधरवडाभर तिथे राहावे लागते. घरी दुसरी दोन लेकरे असतात, भाताची लावणी तोंडावर असते, नवरा कामावर गेलेला असतो. बुडीत मजुरी मिळते, पण तिने घर चालत नाही. आई नाही म्हणते आणि नोटीस ताईला येते. खरे लिहिणाऱ्या बाईला शिक्षा आणि हात राखून लिहिणाऱ्या बाईला शांतता, असा हा हिशेब आहे. तो तिने मांडलेला नाही. तो मंत्रालयातून उतरत उतरत तिच्या वहीपर्यंत आला आहे. आढावा बैठकीत मुख्य प्रश्न तुमच्या जिल्ह्यात मुले वाढली कशी हा असेल, तर खालपर्यंत प्रत्येक जण ती कमी करून दाखवायला शिकतो. अंगणवाडीच्या नोंदी ज्या अ‍ॅपवर होतात त्या पोषण ट्रॅकरवरचे लुकडेपणाचे प्रमाण आणि कुटुंब पाहणीचे प्रमाण यांतली मोठी दरी बऱ्याच अंशी इथूनच निघते.

मृत्यूंच्या बाबतीत हे आपण आधीच पाहिले आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची आणि त्यापाठोपाठ मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी आली. पत्रकार व कार्यकर्त्या शीला बारसे यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. पुढे नवसंजीवन योजना आली, आदिवासी भागांसाठी पावसाळ्याआधीची तयारी ठरली, वैद्यकीय पथके ठरली. तरी दर पावसाळ्यात तेच घडत राहिले. बातमी, मंत्र्यांचा दौरा, निलंबन, आणि दिवाळीनंतर विसर. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने इतर संस्थांना बरोबर घेऊन २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. बालमृत्यूंचा मोठा हिस्सा सरकारी नोंदींत येतच नाही, हे त्याने दाखवले. जन्मून काही तासांत गेलेले मूल उपजत मेले असे लिहिले की ते बालमृत्यूंच्या यादीत धरावे लागत नाही. पुढे ‘सर्च’च्या डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली सरकारने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. त्या सरकारला एवढे श्रेय द्यायला हवे, की ज्याने चूक दाखवली त्यालाच मोजायला बसवले. गडचिरोलीतल्या ज्या घरोघरच्या नवजात बाळसेवेने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जी जगापुढे आली, तिची सुरुवातही गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू प्रामाणिकपणे लिहिण्यापासूनच झाली होती. नंतर देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ती आली.

न्यायालयाने महाराष्ट्राला दोन दशकांहून अधिक काळ बोलते ठेवले, याबद्दल आपण ऋणी आहोत. पण न्यायालयापुढे प्रश्न येतो तो किती मुले दगावली हा. खुजे मूल बहुतेक वेळा दगावत नाही. ते शाळेत जाते, मागच्या बाकावर बसते, लवकर गळते, मोठेपणी कमी मजुरीवर काम करते. त्याच्या नावाने याचिका दाखल होत नाही आणि पहिल्या पानावर बातमीही छापून येत नाही. म्हणून खुजेपणावर राजकारण हलायचे असेल, तर त्याला मृत्यूखेरीज दुसरे काही निमित्त लागते.

असे निमित्त महाराष्ट्रात एकदा तयार झाले होते, आणि ते कसे झाले हे मला आज जरा सविस्तर सांगायचे आहे. या शतकाच्या सुरुवातीला मराठवाड्यातल्या एका गावातल्या बालमृत्यूंच्या बातमीने खळबळ उडाली. औरंगाबादचे तेव्हाचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी विभागात मोहीम घेतली. तिचा गाभा साधा होता. प्रत्येक मुलाचे वजन करा, खरे लिहा, आणि खरे लिहिल्याबद्दल कुणालाही शिक्षा होणार नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. तीव्र कुपोषितांची नोंद वाढली. दुसऱ्या कुणी अधिकाऱ्याने ही वाढ घातक समजून मोहीम गुंडाळली असती. इथे त्या वाढीकडे काम सापडले अशा नजरेने पाहिले गेले. याच अनुभवातून २००५ साली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. अशा प्रकारचे देशातले ते पहिले मिशन. युनिसेफचे साहाय्य होते. मिशनकडे स्वतःचा मोठा निधी नव्हता, भरतीचा अधिकार नव्हता. त्याच्याकडे एक ज्येष्ठ सनदी अधिकारी होता, पाच वर्षांची मुदत होती, आणि आरोग्य व महिला-बालविकास या दोन खात्यांना एका टेबलाशी बसवण्याचे काम होते. ज्यांनी सरकारी खाती आतून पाहिली आहेत, त्यांना या शेवटच्या कामाचे मोल सांगायला नको. मूल अंगणवाडीत एका खात्याचे असते आणि आजारी पडले की दुसऱ्या खात्याचे होते. मधल्या रस्त्यावर ते कुणाचेच नसते.

पहिल्या टप्प्यात तीव्र कुपोषित मुलांवर भर होता. दुसऱ्या टप्प्यात, २०११ पासून, तो हजार दिवसांकडे वळला. २०१२ साली राज्याने आणखी एक धाडस केले. दिल्लीच्या आकड्यांची वाट न पाहता मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून स्वतःची पोषण पाहणी करून घेतली. दोन वर्षांखालच्या मुलांतले खुजेपण ३९ टक्क्यांवरून २३-२४ टक्क्यांपर्यंत उतरल्याचे तीत आढळले. हे सारे एकट्या मिशनचे श्रेय नव्हे. त्या काळात उत्पन्न वाढले, मुलींचे शिक्षण वाढले, दवाखान्यातली बाळंतपणे वाढली. पण या सगळ्याचा फायदा लेकरापर्यंत पोचेल इतपत यंत्रणा जागी होती, हे मिशनमुळे झाले.

मग अडले कुठे? माझे मत असे की मिशन अधिकाऱ्यांनी उभे केले आणि अधिकाऱ्यांनीच चालवले. मुख्यमंत्र्यांनी पाठीशी उभे राहून आशीर्वाद दिला, पण कोणत्याही पक्षाने कोणत्याही निवडणुकीत ते आपले म्हणून लोकांपुढे नेले नाही. अधिकाऱ्यांची बदली होते. बदलीनंतर खुर्चीत येणाऱ्याला आधीच्याच्या कामात रस असेलच असे नाही, आणि तो नसला तर मतदारांपैकी कुणी विचारायला येणार नाही, हेही त्याला ठाऊक असते. अमृत आहारासारखी योजना २०१५ साली आली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण ताटभर जेवण, नंतर मुलांना अंडी. योजना उत्तम आहे आणि ती यावी यासाठी माणसांनी वर्षानुवर्षे भांडण केले. पण देयके महिनोन्महिने थकली की गावातल्या स्वयंपाक करणाऱ्या बाया वाण्याच्या उधारीत बुडतात आणि ताटातले अंडे सर्वांत आधी नाहीसे होते. त्या वेळी विधानसभेत किती आवाज उठतो, हे आपण जाणतो.

इच्छाशक्ती निवडणुकीला बांधता येते, याचे एक उदाहरण दूर पेरूमध्ये आहे. २००६ च्या निवडणुकीआधी तिथल्या स्वयंसेवी संस्था आणि आंतरराष्ट्रीय संघटना एकत्र आल्या. अध्यक्षपदाच्या उमेदवारांकडून त्यांनी एक मोजता येणारे वचन लिहून घेतले. पाच वर्षांखालच्या मुलांतले खुजेपण पाच वर्षांत पाच टक्क्यांनी कमी करीन. त्यातले आलान गार्सिया निवडून आले. मग त्या संस्था घरी गेल्या नाहीत. दर काही महिन्यांनी वचनाचा हिशेब त्यांनी जाहीर केला. अर्थमंत्रालयाने प्रांतांना द्यायचा निधी कामाच्या परिणामाशी जोडला. पाहणी दर वर्षी होऊ लागली, आपल्यासारखी चार-पाच वर्षांनी नाही. सरकारे बदलली तरी काम टिकले. २००८ साली २८ टक्के असलेले खुजेपण २०१६ पर्यंत १३ टक्क्यांवर आले. पेरू कमी लोकसंख्येचा देश आहे आणि त्या काळात त्याची अर्थव्यवस्था चांगली होती, हे खरे. पण शेजारी देशांचीही अर्थव्यवस्था वाढत होती.

आणि आपण पेरूपर्यंत तरी का जावे? लोकांना जाब विचारण्याचा हक्क कायद्यात लिहून देण्याची परंपरा याच राज्याची आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगाराचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला आणि १९७७ साली त्याचा रोजगार हमी कायदा झाला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही दिले तर बेकारभत्ता. शहरातल्या नोकरदारांनी त्यासाठी व्यवसाय कर भरला. आजही तुमच्या-माझ्या पगारातून तो कापला जातो. शहराने खेड्यासाठी कर भरावा, हे त्या पिढीच्या राजकारण्यांनी लोकांना पटवले होते.

बाळाच्या ताटासाठी तसा कायदा आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. अन्नहक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून एकामागून एक आदेश दिले. ठेकेदारांकडून आहार घेऊ नका हा २००४ चा, आणि चाळीस मुले असलेल्या वस्तीने मागितली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्या हा २००६ चा. त्यानंतर २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. त्याच्या पाचव्या कलमात सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाचा अंगणवाडीतल्या आहारावरचा हक्क आहे. सहाव्यात कुपोषित मूल ओळखून त्याला आहार देण्याची जबाबदारी आहे. आठव्यात, आहार न मिळाल्यास भत्ता द्यायचा आहे. अठ्ठाविसाव्यात सामाजिक लेखापरीक्षण आहे. ऐकायला राज्य अन्न आयोग आहे. रोजगार हमीत मजुरांच्या संघटना होत्या, त्यांनी मोर्चे काढून भत्ता मागितला. अडीच वर्षांच्या मुलाची संघटना नसते. त्याच्या वतीने आठव्या कलमाचा अर्ज कुणी भरायचा, हे काम आपल्यासारख्यांकडे येते. वकील संघांनी, महिला मंडळांनी, पेन्शनर मंडळींनी एका तालुक्यात जरी असे पन्नास अर्ज भरले, तरी थकलेली देयके कुठे अडली आहेत हे उघडे पडेल.

पैशाचेही सांगतो. केंद्राने २०१७ साली अंगणवाडीतल्या मुलाच्या आहारासाठी दिवसाला आठ रुपये ठरवले, तीव्र कुपोषिताला बारा. बाजारात एक अंडे घेतले तरी यातला बहुतेक पैसा संपतो. आठ रुपयांत डाळ, तेल, इंधन आणि पॅकिंग बसवायचे म्हणजे काय होते, ते घरपोच मिळणाऱ्या पाकिटाची चव घेऊन पाहा. अनेक घरांत ते कोंबड्यांपुढे जाते. दर महागाईशी जोडा, ही मागणी काही क्रांतिकारक नाही. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता तसाच ठरतो.

आणि ज्या बाईकडून आपण खऱ्या आकड्याची अपेक्षा करतो, तिची अवस्था काय आहे? २०२१ साली हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले. ट्रॅकर इंग्रजीत होता आणि भरायचे होते मराठी खेड्यातल्या मुलाचे नाव. डिसेंबर २०२३ पासून त्या ५२ दिवस संपावर होत्या. त्यांना पगार नाही, मानधन मिळते. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना रस्त्यावर उतरावे लागले. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारल्यांच्या अंगणात जी शाळा नेली, तिचे ‘अंगणवाडी’ हे नाव आपण सरकारी योजनेच्या केंद्रांना दिले. त्या दोघींनी मुलांना शिकवण्याआधी न्हाऊ-माखू घातले होते. आज ते सगळे काम, शिवाय मतदार याद्या आणि सर्वेक्षणे, एका मानधनी बाईच्या पदरात आहे. जबाबदारीचे ओझे सर्वांत खाली ठेवायचे आणि अधिकार सर्वांत वर, ही रचना बदलल्याशिवाय ट्रॅकर बदलून काही होणार नाही.

माझ्या मागण्या त्यामुळे वरच्या दिशेने आहेत. कुटुंब पाहणी आपल्याला जिल्ह्याचा आकडा देते. आमदाराला मात्र त्याच्या मतदारसंघाचा आकडा हवा, कारण तो निवडून तिथून येतो. राज्याने दर वर्षी नमुना पाहणी करून तो द्यावा, आणि मोजणारे लोक महिला-बालविकास खात्याचे नसावेत. पावसाळी अधिवेशनात एक दिवस त्यावर चर्चा व्हावी आणि उत्तर मुख्यमंत्र्यांनी द्यावे, खात्याच्या मंत्र्यांनी नव्हे, कारण पाणी, रोजगार, रेशन आणि आरोग्य ही सगळी खाती एका माणसाच्या हाताखाली तिथेच येतात. ज्या तालुक्यात नोंद वाढली तिथे आधी जादा मनुष्यबळ जावे आणि मग चौकशी. आणि जिथे नोंद अचानक शून्यावर आली, तिथे फेरमोजणी व्हावी.

शेवटी एक काम असे आहे, की त्याला नवा कायदा लागत नाही. दिवाळी झाली की मोखाडा, जव्हार, विक्रमगडचे कातकरी आणि इतर मजूर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मेळघाटातली कोरकू कुटुंबे परतवाडा-अमरावतीकडे उतरतात आणि होळीला परततात. ऊसतोडीच्या टोळ्या मराठवाड्यातून पश्चिमेकडे निघतात. गावच्या वहीत मुलापुढे स्थलांतरित असा शेरा पडतो आणि ते मूल चार महिने कोणत्याही आकड्यात राहत नाही. याच महिन्यांत त्याचे वजन घसरण्याचा धोका असतो. राज्याने स्थलांतर नोंदीचे अ‍ॅप काढले आहे, ते चांगले झाले. पण अ‍ॅपमध्ये नाव गेले म्हणजे भट्टीवर आहार गेला असे होत नाही. म्हणून कार्तिकात, माणसे निघण्याच्या आठवड्यात, प्रत्येक पाड्यावरून मुलांची नावे, वजने आणि भट्टीचा किंवा कारखान्याचा पत्ता लिहिलेली यादी निघावी. तिच्यावर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या सह्या असाव्यात. भट्टीजवळच्या अंगणवाडीला त्या मुलांपुरता जादा शिधा आणि एक मदतनीस मिळावी. होळीला यादी परत यावी, तेव्हा त्याच मुलांची वजने त्याच दोन सह्यांखाली लिहिलेली असावीत. या वर्षीची यादी तुमच्या जिल्ह्यात कुणाच्या टेबलावर आहे, हे विचारायला येत्या दिवाळीनंतर जिल्हाधिकारी कार्यालयात जाणाऱ्यांची नावे मी आज इथून घेऊन जाणार आहे. सभा संपल्यावर कार्यकर्त्यांकडे वही ठेवलेली आहे.